येतानाचं वजन

"आक्का, नीट बोल. आग कुठं आहे?"

फोनमध्ये नुसता वारा घोंघावत होता. मग तिचा आवाज तुकड्यातुकड्यानं आला. "खालच्या अंगाला... रस्त्याकडनं वर येतीया. सगे, आयला कशी हलवू गं मी?"

आणि फोन बंद झाला. मी परत लावला, लागला नाही. आंबेटेपावर रेंज एकाच खडकावर यायची, आणि तो खडक आमच्या घरापासून बराच लांब होता. म्हणजे आक्का धावत तिथवर गेली होती आणि आय, आमची आई, घरात एकटी होती.

मी गॅरेजच्या दारात आले. शिरंबे फाट्यावरच्या आमच्या गॅरेजातून समोर डोंगर दिसायचा. मार्च संपत आला होता, गवत कधीच वाळलेलं, दुपारचं ऊन. डोंगराच्या मधल्या टप्प्यावर धुराचा करडा पट्टा पसरला होता आणि तो बघता बघता वर सरकत होता.

आंबेटेप हा आमचा धनगरवाडा, पठाराच्या कडेला असलेली चार-पाच घरं. त्या दिवशी वाड्यावरची झाडून सगळी माणसं खालच्या गावात लग्नाला उतरली होती. आक्का तेवढी मागं राहिली होती. माझी थोरली बहीण रखमा, नवरा वारल्यावर माहेरीच राहिलेली. म्हशी तिच्याकडं होत्या आणि आयही. आयची डावी बाजू आदल्या वर्षी वारं जाऊन लुळी पडली होती. तिला खाटेवरून उठवायचं तर दोन माणसं लागायची.

सुदाम, माझा नवरा, मागून येऊन उभा राहिला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो मातीतल्या शर्यतींत मोटरसायकल पळवायचा; सरावात पडून मनगट मोडून घेतलं होतं. त्याला मी लग्नाआधीपासून 'अरे' म्हणत आले, ते लग्नानंतरही सुटलं नाही, आणि त्यावरून सासरी पुष्कळ बोलणी खाल्ली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी हातानं डोंगर दाखवला.

त्यानं ताबडतोब जीपवाल्या गणपाला फोन लावला. गणपा घाटाच्या पहिल्या वळणावरूनच मागं फिरला होता. रस्त्यावर पेटलेलं झाड आडवं पडलंय, म्हणाला, वनखात्याची माणसं खाली झोडपण्या घेऊन आग विझवतायत, कुणालाच वर सोडत नाहीत. फोन स्पीकरवर होता. मागून कुणीतरी म्हणालं, "वर कोण न्हाई ना आता? समदी लग्नाला गेलीत."

"माझी आय हाय वर," मी ओरडले. "माझी बहीण हाय."

मग गणपा म्हणाला, "सगुणाताई, रस्त्यानं जायची सोय न्हाई. खरंच न्हाई."

सुदामनं फोन ठेवला. आम्ही दोघंही गॅरेजच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथं त्याची शर्यतीची गाडी स्टँडवर उभी होती.

"सोंडेनं जाते," मी म्हणाले.

सोंड म्हणजे डोंगराची पश्चिमेकडची धार. ओढ्यातून एक वाट सुरू होऊन त्या धारेवरून थेट आमच्या वाड्याच्या मागं निघायची. लहानपणी आम्ही बहिणी त्या वाटेनं म्हशी खाली पाण्याला आणायचो. चालत चढायचं तर संध्याकाळ झाली असती, आणि धूर तेवढा थांबणार नव्हता. गाडीनं ती वाट आजवर कुणी चढलं नव्हतं. सुदामनं एकदा प्रयत्न केला होता आणि मधल्या नाळेतून, त्या अरुंद उभ्या घळीतून, परत आला होता.

"मी जातो," सुदाम म्हणाला.

"एका हातानं?"

त्यानं प्लास्टरकडं बघितलं. गाडी मला त्यानंच शिकवली होती, नदीच्या वाळूत. बायकांच्या शर्यतीत मी ती पळवलीही होती, एकदा तिसरी आले होते. पण ते मैदान होतं. वळणावर गवताच्या पेंढ्या लावलेल्या, पडलं तर उचलायला माणसं उभी.

"आत्ता आहे तशी गाडी सोंड चढणार नाही," तो म्हणाला. "मागचं स्प्रॉकेट बदलावं लागेल. पाना घे."

ती गाडी मैदानी शर्यतीसाठी लावलेली होती. मागच्या चाकाला जे दातेरी चक्र असतं, ज्यावर चेन फिरते, ते स्प्रॉकेट. ते लहान असलं की गाडी सपाटीवर पळते पण चढाला दम टाकते. मोठं असलं की पळत नाही, पण अंगावर येणाऱ्या चढावरही ओढत राहते, आणि उताराला गाडी आवरून धरता येते. सुदाम परत आला होता तो लहान स्प्रॉकेटमुळंच.

मी चाक सोडवलं. माझे हात आणि त्याची जीभ, असं काम चाललं होतं. तो डाव्या हातानं एकेक पाना पुढं करायचा. "तो नाही, त्याच्या शेजारचा. उलटा फिरव. जोर लाव." माझ्या तळहाताला घाम सुटला होता आणि पाना सटकत होता. एकदा बोटं डिस्कवर आपटून सालटं निघालं. मी मध्येच उठून दारात जाऊन डोंगर बघून आले.

"बघू नकोस," सुदाम म्हणाला. "बघून कमी होणार नाही. बोल्ट आवळ."

मोठं स्प्रॉकेट बसलं. चेनला दोन कड्या वाढवल्या, चाक जागेवर घेतलं. मग मी हातानं चाक फिरवलं आणि खालून कर्र कर्र आवाज आला.

"गाईड," सुदाम म्हणाला आणि खाली वाकला.

मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या पोटाशी एक खोबण बोल्टनं लावलेली असते. चेन स्प्रॉकेटवर चढण्याआधी त्या खोबणीतून जाते. त्यालाच गाईड म्हणतात. दगडधोंड्यांत गाडी उडते तशी चेनही उडते, हेलकावते. गाईड तिला रेषेत धरून ठेवतं. ते नसलं तर चेन उतरलीच म्हणून समजायचं. गाडीवर होतं ते ॲल्युमिनियमचं होतं, नवंकोरं, चेनला घट्ट धरणारं. पण ते लहान स्प्रॉकेटच्या मापाचं. आता चेन जास्त खालून येत होती आणि गाईडच्या तळाला घासत होती.

"वायसर घालू," मी म्हणाले. "दोन जाड वायसर घालून थोडं खाली घेतलं की बसतंय."

सुदाम फळीकडं गेला. डबे सरकवले, एक डबा खाली सांडला. आणि त्यातनं त्यानं एक काळं, मळकं गाईड काढलं. नायलॉनचं. जुन्या सरावाच्या गाडीवरचं. खोबण झिजून इतकी पसरट झाली होती की चेन तिच्यात खुळखुळली असती, आणि एका बाजूला चेननं खाऊन खड्डा पाडला होता.

"हे लाव," तो म्हणाला.

"हे? अरे, हे झिजलंय. ह्यातनं चेन उतरंल."

"उतरेल कदाचित."

"कदाचित? सोंडेवर चेन उतरली तर मी काय करू तिथं?"

"हातानं चढवायची. चढवता येते तुला."

"नवं आहे की चांगलं. घट्ट बसतंय. वायसर घालते म्हणतेय ना मी."

"सगुणा, जुनं लाव."

"का?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. उघड्या दारातून डोंगराकडं बघत होता, मला बघू नको म्हणालेला तो. "विचारू नको. वेळ नाही. लाव."

मला त्या घटकेला त्याचा इतका राग आला की हातातला पाना त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. माझी आय वर जळायची वेळ आली होती आणि हा मला भंगारातलं सामान देत होता. पण भांडायलाही वेळ नव्हता. मी ते झिजकं गाईड लावलं, बोल्ट इतके आवळले की मनगट दुखलं. चाक फिरवलं. चेन घासत नव्हती, पण खोबणीत इकडंतिकडं सरकत होती.

सुदामनं माझ्या कमरेला त्याची एक जुनी सुती चादर दुहेरी गुंडाळून बांधली. "आयला बांधायला लागेल," म्हणाला. हेल्मेट चढवून दिलं, एका हातानं पट्टा लावायला त्याला जमेना, मी लावला. "मी ओढ्यापाशी येऊन थांबतो. गणपाला घेऊन येतो."

मी गाडी बाहेर काढली.

ओढ्यातून सोंडेवर चढताना पहिल्यांदा बरं वाटलं. गाडी ओढत होती. दगड टायरखालून निसटत होते, मी उभी राहून, पाय वाकवून, सुदामनं शिकवल्यासारखी चालवत होते. डावीकडच्या दरीतून धुराचे लोट वर येत होते आणि वारा त्यांना माझ्यावर ढकलत होता. नाळेत पोचले तेव्हा वाट बिनपायऱ्यांच्या जिन्यासारखी झाली. तिथं गाडी दोनदा उलटायला आली. एकदा मी पडले, गुडघा फुटला, गाडी उचलली, परत चढवली. चेन उतरली नाही. मी मनातल्या मनात सुदामला शिव्या देत आणि देवाला हाका मारत होते, दोन्ही एकाच वेळी.

वाड्याच्या मागच्या बाजूनं वर निघाले आणि समोर आग दिसली.

दुरून धूर दिसतो, ते वेगळं. जवळून ती आवाज करते. वाळलेल्या कारवीचे फटाफट बार होत होते. पठाराच्या कडेवर, आमच्या घरांपासून पाचपन्नास पावलांवर, गवताच्या शेंड्यांवरून ज्वाळा चालत येत होत्या. वर ठिणग्या, खाली पळणारे ससे आणि सरडे.

आयची खाट आक्कानं ओढत अंगणात आणली होती. आय त्यावर कुशीवर पडली होती, तोंडावर ओला फडका. आक्का गोठ्यात म्हशींचे दोर कोयत्यानं कापत होती.

"आक्का!"

ती धावत आली. तोंड काळं, डोळे लाल. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"ह्यावरनं न्यायची?" ती म्हणाली.

"हां. चल. तू मागं बस, आयला मधी धरू. तिघी बसू."

आक्कानं गाडीवर हात ठेवून दाबून बघितलं, म्हशीची पाठ दाबून बघतात तसं. मग ती सोंडेच्या वाटेकडं बघून म्हणाली, "नाळंतनं उतरायचं नव्हं? तिघी बसलो की नाळंत तिघी मरू. आयला घिऊन जा."

"आणि तू?"

"मी जनावरं घिऊन तळ्याकडं जाते. कातळावर गवत न्हाई, तिथं आग येत न्हाई."

"कातळ कितीसा आहे आक्का? चारी अंगानं गवत आहे."

"तळ्यात पाणी हाय अजून. पाण्यात बसते."

"जनावरं सोड गं. पळतील ती त्यांची. तू चल, चालत माझ्या मागं चल सोंडेनं."

"गाडीच्या मागं चालत पोचीन व्हय मी? धूर बघ नाळंत." तिनं आयला खाटेवरून उचलायला घेतली. "बोलत ऱ्हाऊ नको, सगे. धर."

आम्ही दोघींनी आयला उचललं. ती किती हलकी झाली होती. मी गाडीवर बसले, आक्कानं तिला माझ्या मागं बसवलं, चादर आमच्या दोघींच्या भोवती घट्ट आवळून पुढं माझ्या पोटावर गाठ मारली. आयचा लुळा हात माझ्या पदराखाली खोचला. मग आयच्या तोंडावरचा ओला फडका नीट केला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"आक्का, मी परत येते," मी म्हणाले.

"जा आता."

आय मागून अडखळत बोलत होती. पक्षाघातानं तिचे शब्द अर्धे व्हायचे. "रख... रखमा..."

मी आरशात बघितलं नाही. त्या गाडीला आरसा नव्हताच.

उताराला लागल्यावर कळलं की आता गाडी वेगळी आहे. आयच्या वजनानं मागची बाजू खाली बसली होती. मघाशी ज्या दगडांवरून गाडी सहज वर आली, तेच दगड आता खालून लागत होते. ठक. ठक. प्रत्येक ठोक्याला आय माझ्या पाठीवर कण्हायची. नाळेच्या तोंडाशी एका मोठ्या धोंड्यावर गाडीचं पोट असं आपटलं की माझ्या दातांवर दात बसले. खालून काहीतरी वाकल्याचा आवाज आला, आणि मग टणकन सुटल्याचा. चाक अडकलं नाही. मी पुढं जात राहिले.

नाळेच्या मधोमध परत तसाच ठोका बसला आणि या वेळी चेन उतरली. इंजिन नुसतंच घोंघावलं, चाकाला काही नाही. मी ब्रेक दाबून गाडी एका कातळाला टेकवली आणि इंजिन बंद केलं. बंद केल्यावर आग ऐकू आली, नाळेच्या वरच्या कडेवर.

उतरायचं कसं? आय पाठीला बांधलेली होती. सोडली तर ती पडणार, आणि परत बांधायला आक्का नव्हती. मी तशीच, तिला पाठीवर घेऊन गाडीवरून उतरले, गुडघ्यांवर बसले आणि चेनला हात घातला. चेन तव्यासारखी तापली होती. हात मागं घेतला, पदर बोटांवर गुंडाळला, परत घातला. पदर चेनमध्ये अडकायला लागला म्हणून काढून टाकला.

त्या वेळी मी ते गाईड जवळून बघितलं. त्याच्या पोटावर दगडाचा पांढरा ओरखडा होता, खोल. ते आत दाबलं गेलं होतं आणि परत मूळच्या जागी आलं होतं. बोट घालून बघितलं, लवत होतं. ॲल्युमिनियमचं असतं, तेही वायसर घालून आणखी खाली आलेलं, तर त्या पहिल्याच धोंड्यावर चेपून चेनला आवळून बसलं असतं. चाक जाम झालं असतं. आणि हत्याराशिवाय ते सोडवता आलं नसतं.

तेव्हा मला सुदाम कळला. मी गाईड निवडत होते ते जाताना लागणारं, एकटीनं चढायचं म्हणून. तो येतानाचं बघत होता.

"सगे," आय मागून म्हणाली. "मला... हितं ठिव."

"गप बस आये."

"रखमाला... आण."

"गप बस म्हणते ना."

चेन खालच्या दात्यांवर टेकवायची, गाडी पुढं ढकलायची, चेन आपोआप ओढली जाते. मैदानावर हे मी कितीदा केलं होतं. इथं नाळेत गुडघ्यांवर बसून, पाठीला आई बांधून, पहिल्यांदा चेन निसटली. दुसऱ्यांदा माझी दोन बोटं दात्यांमध्ये आली. मी ओरडले असणार, कारण आयनं तिच्या धड हातानं माझ्या गळ्याला मिठी मारली. तिसऱ्यांदा चेन बसली. मी आयसकट उठून परत गाडीवर बसले. उतारावरच गाडी घरंगळू देऊन सुरू केली.

ओढ्यात सुदाम, गणपा आणि गावातली दोनतीन माणसं उभी होती. त्यांनी आम्हाला थांबायच्या आतच धरलं. चादरीची गाठ सुटेना, गणपानं सुरीनं कापली. आयला उचलून जीपमध्ये ठेवलं. ती श्वास घेत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की कशानं कोण जाणे.

मी गाडी वळवली.

"सगुणा," सुदाम म्हणाला.

"आक्का वर आहे. तळ्याकडं गेलीय. मी आत्ता जाऊन येते."

"नाळ बघ."

मी बघितलं. आत्ताच ज्या नाळेतून आम्ही आलो होतो, तिच्यातून ज्वाळा निघत होत्या. दोन्ही काठांची झाडं एकदम पेटली होती.

"बाजूनं जाते."

"बाजूला वाट नाही."

"अरे सोड ना," मी म्हणाले. त्यानं डाव्या हातानं हँडल धरलं होतं. मी त्याच्या हातावर मारलं. मग प्लास्टरवर मारलं, मोडक्या हातावर. तो ओरडला नाही, हँडलही सोडलं नाही. मी मारत राहिले. शेवटी माझ्याच बोटांतून रक्त येऊन त्याचं प्लास्टर लाल झालं तेव्हा मी थांबले आणि ओढ्याच्या वाळूत खाली बसले.

गणपा आयला घेऊन दवाखान्यात गेला. आम्ही दोघं ओढ्यातच राहिलो. अंधार पडल्यावर पूर्ण डोंगर निखाऱ्यासारखा दिसायला लागला.

"तुला ठाऊक होतं," मी कधीतरी म्हणाले. "दोघी येणार नाहीत."

"दोघींना आणता येणार नाही एवढं ठाऊक होतं," तो म्हणाला. "येताना मागं एकीचं वजन असणार म्हणून गाईड बदलतोय, हे सांगितलं असतं तर तू तिथंच विचार करायला लागली असतीस, कोणाला आणायचं. चढतानाही तोच विचार केला असतास. मग तू नाळेत पडली असतीस." पुढं म्हणाला, "वर गेल्यावर काय करायचं ते तुम्ही बहिणीच ठरवणार होता. मी फक्त गाडी खाली येईल एवढं बघितलं."

त्या रात्री माझ्याकडं त्याला द्यायला चांगला शब्द नव्हता.

फटफटायला लागल्यावर आम्ही चालत सोंड चढलो. नाळ निवली होती, पण जमीन चपलांमधून भाजत होती. सगळीकडं काळं. झाडांचे नुसते खुंट, त्यातून धुराच्या बारीक रेघा. माझ्या हाताला फडकी गुंडाळली होती, आणि सुदाम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्या मागं. वाड्यावर घरं नव्हती. भिंती उभ्या होत्या, छपरं नव्हती. अंगणात आयच्या खाटेचे पाय तेवढे राहिले होते.

तळं पठारावर आत होतं. मी हाक मारत नव्हते. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर, याची मला भीती वाटत होती.

कातळाच्या उंचवट्यावर चढलो तेव्हा पहिल्यांदा म्हशी दिसल्या. तळ्याच्या चिखलात गळ्यापर्यंत बसलेल्या, काळ्याच्या काळ्या, नाकं वर केलेल्या. आणि त्यांच्या मधी, दोन म्हशींच्या अंगांमध्ये शिरून बसलेली, डोक्यापासून चिखलानं माखलेली आक्का.

मी धावले. चिखलात गुडघ्यापर्यंत गेले. ती डोळे उघडे ठेवून बसली होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या पापण्या, भुवया जळून गेल्या होत्या. मी तिच्या गालाला हात लावला तेव्हा तिनं बघितलं.

"धारा ऱ्हाइल्यात," ती म्हणाली. घशातून आवाज नीट निघत नव्हता.

"काय?"

"काल सांजच्या धारा ऱ्हाइल्यात. कासा दुखत्यात त्यांच्या."

आम्ही तिला उठवलं. ती उभी राहिली तशी म्हशीही एकेक करून पाण्यातून उठल्या आणि कातळावर आल्या. कासा टम्म फुगल्या होत्या, दुधाचे थेंब आपोआप गळत होते. आक्कानं बसायला दगड ओढला आणि पहिल्या म्हशीखाली बसली. इकडंतिकडं बघितलं. चरवी नव्हती, बादली नव्हती. वाड्यावर एक भांडं उरलं नव्हतं.

मग ती तशीच धार काढायला लागली. दूध कातळावर पडत होतं, राखेतून वाट काढत वाहत होतं. सुदामनं डाव्या हाताची ओंजळ धरून दूध घेतलं आणि तिच्या तोंडापाशी नेलं. "प्या आक्का." तिनं मान मागं घेतली, मग प्याली. सुदामनं परत हात धरला. ती परत प्याली.

मी म्हशीची मान धरून उभी होते. माझ्या बोटांनी धार निघणं शक्य नव्हतं.

"चांदीचं रेडकू मागं फिरलं," आक्का म्हणाली. "मी धरलं हुतं. दावं निसटलं."

चांदी म्हैस कडेला उभी होती, वाड्याच्या दिशेनं तोंड करून.

आक्कानं पहिल्या म्हशीची धार संपवली, दगड सरकवला, दुसरीखाली बसली. तिच्या कासेला हात लावला आणि खाली मान घालूनच विचारलं, "आय?"

"हाय," मी म्हणाले. "दवाखान्यात हाय. तुझं नाव घेती सारखं."

आक्काचे हात थांबले. तिनं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं. तिची पाठ हलत होती, पण आवाज काही येत नव्हता. म्हैस हलली नाही. आम्हीही हललो नाही. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, आणि कातळावर परत दुधाच्या धारेचा आवाज सुरू झाला.